हॉलतिकिटावरचं कुंकू

परीक्षेच्या दिवसांत कॉलेजजवळच्या गणपतीला गर्दी वाढते. हॉलतिकीट पायाशी ठेवून त्याला कुंकू लावतात. त्यातलीच काही मुलं तासाभरानं बाहीत मायक्रो झेरॉक्स दडवून वर्गात शिरतात. याला ढोंग म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. मुलाची श्रद्धा खरी असते. पण देवाकडे त्यानं पास करण्याचं काम दिलेलं असतं, बघण्याचं नाही. बघायला सुपरव्हायझर आहे, आणि त्याचा डोळा चुकवणं पाप थोडंच आहे!

धर्मशिक्षणानं लबाडी कमी होते का, हे अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे या संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांवर तपासलं. १९२८ साली निष्कर्ष छापला: चर्चच्या संडे स्कूलला जाण्यानं फारसा फरक पडत नाही. (खर्च धार्मिक प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेनंच केला होता.) पुढे २००८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी सांगितलं की बायबलातल्या दहा आज्ञा आठवायला लावल्या की कॉलेजची मुलं लबाडी करत नाहीत. ते भाषणांतून फार गाजलं. २०१८ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा परिणाम दिसलाच नाही.

हार्टशोर्न-मे यांचं आणखी एक निरीक्षण मला जास्त मोलाचं वाटतं. एका वर्गातली मुलं लबाडीत एकमेकांसारखी वागत. आपल्याकडे एकाचं जर्नल अख्खी बॅच उतरवते, आणि जो देत नाही तो स्वार्थी ठरतो. अडल्यानडल्याला मदत कर, हे घरी देवासमोर बसवूनच शिकवलेलं असतं. म्हणजे इथे संस्कार कॉपीच्या विरोधात नसतो, तिच्या बाजूनं उभा असतो. मुलाला टोचणी लागायची कुठून?

शिवाय खरेपणाला गुण कुठे आहेत? लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण प्रामाणिकपणे ९.३ आलेला विद्यार्थी गुण गमावतो. शेजारचा ९.८ वरून उलटं गणित करून रीडिंग भरतो आणि सही घेऊन जातो. सरांनाही ते कळतं. एवढ्या वह्यांत तेच आकडे कसे येतील?

९.३ ला पूर्ण गुण देऊन ‘चूक कुठे झाली ते चार ओळींत लिही’ म्हणणारे शिक्षकही आहेत, थोडे आहेत. त्यांच्या बॅचमध्ये दुसऱ्याचं जर्नल मागायची वेळ सहसा येत नाही.