जमिनीचे धनी होण्यापूर्वी

आमच्या घरी पौरोहित्य पिढीजात चालत आले आहे. त्यामुळे गावात कोणी जागा घेतली, कोणी पाया घातला, कोणी नव्या वास्तूत प्रवेश केला, की ती वार्ता इतरांच्या आधी आमच्या ओसरीवर येते. येणारा गृहस्थ मुहूर्त विचारतो, नारळ किती लागतील ते विचारतो आणि दक्षिणेची बोलणी करून जातो. गेल्या काही वर्षांत या येणाऱ्यांत एक नवा प्रकार दिसू लागला आहे. त्यांस त्या जागेत राहावयाचे नसते. ती घ्यावी, चिऱ्यांचे कुंपण घालून चार-सहा वर्षे ठेवावी आणि भाव चढला की विकावी, एवढाच हेतू असतो. यांत आमच्या वयाचे, नुकतेच मिळवते झालेले तरुण पुष्कळ आहेत. बोटीवरून किंवा आखातातून परतताना हाती पहिली पुंजी आलेली असते, आणि बँकेच्या व्याजापेक्षा जमीन बरी, असे सांगणारे चार जण भेटतातच.

अशा नवशिक्याने आरंभ कोठून करावा आणि त्या आरंभी त्याचा धर्म कोणता, याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही कायदेपंडित नव्हे. शालान्त परीक्षेपलीकडे आमचे शिक्षण नाही. परंतु या वाटेवर आम्हांस एकदा ठेच लागली आहे, आणि तेवढाच आमचा अधिकार.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. जमिनीतून नफा मिळविणे हेच मुळी पाप, असे आमचे म्हणणे नाही. गृहस्थाने अर्थार्जन करावे हे आपल्या शास्त्रकारांनी मान्य केले आहे, आणि अर्थ हा चार पुरुषार्थांपैकी एक आहे. तथापि सोने घेणे आणि जमीन घेणे यांत मोठा भेद आहे. सोन्याची साखळी पेटीत ठेवली तर तिने कोणाची वाट अडत नाही. जमीन मात्र एकटी येत नाही. तिच्याबरोबर तिचे जुने वारस येतात, तीवर राहणारे येतात, तिच्या विहिरीचे पाणी भरणारे आणि तिच्या कडेने जाणारे येतात. जमीन विकत घेणे म्हणजे न पाहिलेल्या अनेक माणसांशी नाते जोडणे होय.

ही गोष्ट आमच्या गोव्यात जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल. येथे जागा घेणाऱ्याने प्रथम एक-चौदाचा उतारा पाहावा असे सांगतात. त्या कागदावर कब्जेदाराचे नाव असते, कुळाचा रकाना असतो आणि ‘इतर हक्क’ असाही एक रकाना असतो. पुष्कळ वेळा या शेवटच्या रकान्यात कोणा मुंडकाराच्या घराची नोंद असते. भाटकाराच्या जागेत पिढ्यानपिढ्या घर करून राहणाऱ्या या लोकांस १९७५ च्या मुंडकार कायद्याने संरक्षण दिले आहे. त्यांस मनास येईल तेव्हा घालविता येत नाही. उलट आपले घर आणि त्याभोवतालची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्क त्यांस आहे. जमिनीचा धनी बदलला म्हणून हा हक्क बुडत नाही.

दुसरी गोष्ट वारसांची. पोर्तुगीज अमदानीतील १८६७ चा नागरी कायदा येथे १८७० पासून लागू झाला आणि त्यातील कौटुंबिक तत्त्वे आजही चालू आहेत. विवाहाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर सामान्यतः पतिपत्नींची मालमत्ता समाईक असते, आणि स्थावर विकावयाचे तर दोघांचीही संमती लागते. वडिलार्जित जागेत मुलींचाही मुलांइतकाच वाटा असतो. यास्तव लिस्बनला असलेला भाऊ आणि मुंबईस दिलेली बहीण यांच्या सह्यांवाचून झालेले खरेदीखत हे अर्धे खरेदीखत समजावे. गोव्याबाहेर गेलेल्या किंवा निवर्तलेल्या मालकांच्या जमिनी खोट्या दस्तांच्या आधारे हडप केल्याची प्रकरणे इतकी वाढली की २०२२ मध्ये सरकारला त्यांसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले.

तिसरी गोष्ट जमिनीच्या जातीची. आराखड्यात ती वसाहत क्षेत्रात आहे की बागायतीत, बिगरशेती वापराची सनद मिळालेली आहे की नाही, हे पाहिल्यावाचून विसार देऊ नये. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्यास देण्यास २०२३ च्या कायद्याने निर्बंध घातला आहे. जमिनीऐवजी सदनिका घेणाऱ्याने २०१६ च्या रेरा कायद्याखाली प्रकल्पाची नोंदणी झाली आहे का, ते तपासावे. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास त्या कायद्याने बांधणाऱ्यास मनाई केली आहे. केवळ मुखत्यारपत्रावर जमिनीची मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यासाठी नोंदलेले खरेदीखतच लागते.

वाचक म्हणतील, हे सर्व वकिलाने पाहावयाचे. यात धर्माधर्माचा प्रश्न कोठे आला? तो कोठे आला, हे सांगण्यासाठीच आमची ठेच येथे उघडी करीत आहोत.

काही वर्षांपूर्वी एका दलालाने आम्हांस शेजारच्या गावातील एक जागा दाखविली. भोवतालच्या भावाच्या मानाने ती पुष्कळच स्वस्त होती. आम्ही भाळलो आणि पन्नास हजार रुपये विसार रोख देऊन बसलो. अशा व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकराच्या कायद्याने २०१५ पासून बंदी आहे, हेही आम्हांस मागाहून कळले. उतारा हाती आला तेव्हा ‘इतर हक्क’ या रकान्यात एका घराची नोंद दिसली. दलालास विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, “म्हातारी आहे एक. आज आहे, उद्या नाही.”

एका सायंकाळी आम्ही एकटेच ती जागा पाहावयास गेलो. माडांच्या आड मातीच्या भिंतींचे ठेंगणे घर होते. गोव्यात पोर्तुगीज असताना लग्न होऊन ती वृद्धा त्या घरात आली होती. आमच्या चेहऱ्यावरून तिने आमच्या वडिलांस ओळखले, चटई टाकली आणि गूळपाणी दिले. मग तिने सहज विचारले की, भाटकाराने जागा विकली असे कानावर आले आहे, तर नवा धनी कोण, हे भटजींच्या घरी ठाऊक असेल ना? आम्ही “ठाऊक नाही” असे सांगितले आणि तिचे पाणी पिऊन निघून आलो.

त्यानंतर आम्ही व्यवहार मोडला. अर्धाच विसार परत मिळाला. मित्रमंडळींनी आमच्या सद्बुद्धीची वाखाणणी केली. परंतु खरे सांगावयाचे तर ती सद्बुद्धी नव्हती. मुंडकारास काढता येणार नाही, दावा वर्षानुवर्षे चालेल, असे वकिलाने सांगितल्यामुळे आम्ही भ्यालो होतो. कायद्याच्या भयाने हातून योग्य गोष्ट घडली तर तिला धर्म म्हणावे काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनास लागून राहिला आहे.

त्याचे उत्तर आम्हांस घरच्याच विधीत मिळाले. भूमिपूजनाच्या वेळी त्या जागी वास करणाऱ्या भूतमात्रांची क्षमा मागण्याची आणि त्यांस बली अर्पण करण्याची पद्धत आहे. तो विधी चालू असता एकदा आम्ही वडिलांच्या हाताखाली होतो. मनात आले की, जे डोळ्यांस दिसत नाहीत त्यांची आम्ही क्षमा मागतो. आणि जी चटई टाकून पाणी देते तिच्या तोंडावर खोटे बोलतो! उताऱ्याचा तो रकाना म्हणजे हीच विचारणा आहे. येथे आधीपासून कोण आहे, असे तो कागद विचारीत असतो. आम्ही मात्र तो केवळ आमचे पैसे बुडू नयेत म्हणून वाचला होता. भयाने केलेले कर्म आपले नुकसान टळताच संपते. धर्म तेथून पुढे सुरू होतो. आमचा व्यवहार मोडला तरी त्या वृद्धेचे संकट जसेच्या तसे राहिले होते, कारण दलालास दुसरे गिऱ्हाईक मिळणारच होते.

म्हणून आम्ही पुन्हा तिच्याकडे गेलो. नवा धनी आम्हीच होणार होतो, हे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की, निदान सांगायला तरी आलास. तिच्या पुतण्यास उताऱ्याची प्रत दिली आणि त्यास बरोबर घेऊन मामलेदार कचेरीत मुंडकार म्हणून नोंद करून घेण्याचा अर्ज गुदरला. तो अद्याप चालू आहे.

“आम्ही न घेतली तर परका घेईल”, असे एक समर्थन नेहमी ऐकू येते. ते अगदीच खोटे आहे असे नाही. परंतु त्यावरून निघावयाचे ते इतकेच की, घ्यावयाची तर परक्याने घेतली नसती अशा रीतीने घ्यावी. मुंडकाराचे घर, त्याची वाट आणि त्याचे पाणी खरेदीखतात स्पष्टपणे राखून ठेवून उरलेली जागा घेता येते. नफा थोडा कमी होईल. परंतु झोप पुरी होईल. तसेच घर घेऊन ते कुलूपबंद ठेवण्यापूर्वी थोडा विचार करावा. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे पाचातले एक घर रिकामे आढळले होते. ज्या वाड्यात दिवे कमी लागतात तेथे गणपतीच्या आरतीलाही माणसे कमी जमतात. घेतलेले घर भाड्याने का होईना, पण एखाद्या कुटुंबास राहावयास द्यावे. त्यात धन्याचेही हित आहे.

तरी आमच्या तरुण बंधुभगिनींस इतकीच विनंती आहे. पहिली जागा घ्याल तेव्हा भाव विचारण्यापूर्वी उतारा मागा, आणि उतारा वाचून झाल्यावर त्यात ज्यांची नावे आहेत त्यांच्या दाराशी एकदा जाऊन या. त्यांनी विचारले की नवा धनी कोण, तर “मी” असे उत्तर देण्याचे धैर्य होत असेल, तरच विसार द्या. मुहूर्त काढावयास आमचे वडील आहेतच.