ज्याला जाब विचारता येतो

साथीत माणसाकडे एक अवघड गोष्ट मागितली जाते. गेल्या चौदा दिवसांत तुम्ही कुणाकुणाला भेटलात, ते सांगा. ते सांगितल्याशिवाय संसर्गाची साखळी तुटत नाही. पण त्यातून आपले व्यवहार, नाती, एखादी झाकून ठेवलेली भेटही उघडी पडते. म्हणून ही माहिती कुणाच्या हाती द्यायची, हा प्रश्न वैद्यकाइतकाच लोकशाहीचाही आहे.

एप्रिल २०२० मध्ये बारामतीत राजस्थानातल्या भिलवाड्याच्या धर्तीवर कडक बंदी लागली आणि किराणा घरपोच येऊ लागला. त्याच काळात ही माहिती मागणारे दोघे बारामती-इंदापूरच्या दारांशी आले. एक आशाताई, म्हणजे गावातल्या आशा स्वयंसेविका, हातात वही घेऊन. दुसरे २ एप्रिलला केंद्र सरकारने आणलेले ‘आरोग्य सेतू’ अ‍ॅप.

हे अ‍ॅप ब्लूटूथने जवळच्या फोनची सांकेतिक नोंद घेई आणि जीपीएसने जागाही टिपत असे. एखाद्याला लागण झाल्याचे कळले की त्याच्या फोनमधल्या नोंदी सरकारी सर्व्हरवर जात आणि संपर्कातल्यांना इशारा मिळे. कल्पना चांगली होती. पण नोंद व्हायला भेटणाऱ्या दोघांकडेही अ‍ॅप चालू असावे लागते. शंभरांतल्या चाळीस जणांकडे ते असेल, तर शंभर भेटींपैकी साधारण सोळाच नोंदल्या जातात. ज्या घरात एकच स्मार्टफोन होता, तिथे तो मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घरी राही आणि माणूस शेतावर जाई. कारखान्याच्या तळावर कोप्यांत राहणाऱ्या ऊसतोड टोळीत असा फोन असलाच, तर बहुधा मुकादमाकडे. फोन नसलेल्यांसाठी मे महिन्यात १९२१ ही दूरध्वनी सेवा आली. पण शेजारी कोण बसले होते, हे साध्या फोनला कळत नाही. भिगवणच्या बाजारातली किंवा इंदापूरच्या एसटी स्टँडवरची गर्दी अ‍ॅपला अर्धीमुर्धीच दिसली असती.

म्हणजे पुष्कळ लोकांनी आपणहून अ‍ॅप घेतले, तरच त्याचा उपयोग. इथेच सरकारने घाई केली. १ मे २०२० च्या आदेशाने सरकारी-खासगी सर्व कर्मचाऱ्यांना ते सक्तीचे झाले. निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी या सक्तीला कायद्याचा आधार नसल्याचे स्पष्ट सांगितले. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्येच ठरवले होते. १७ मे रोजी सक्तीची भाषा सौम्य झाली, २६ मे रोजी अँड्रॉइड अ‍ॅपचा सोर्स कोड खुला झाला. ही पावले योग्य होती, पण ती आधी पडायला हवी होती. अ‍ॅप कुणी घडवले, याचे धड उत्तर माहिती अधिकारात मिळेना, तेव्हा ऑक्टोबरमध्ये केंद्रीय माहिती आयोगाला राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे खुलासा मागावा लागला.

सक्तीने काय होते, हे पुणे जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. १८९७ च्या प्लेगमध्ये सैनिक घरांत शिरून झडत्या घेत आणि लोक रोगी लपवत. त्याच वर्षीचा साथरोग कायदा महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला. भीतीपोटी माणूस माहिती दडवतो, आणि दडवलेली माहिती साथ वाढवते.

सिंगापूरचा अनुभवही हेच सांगतो. तिथल्या ‘ट्रेसटुगेदर’ या संपर्क-शोध अ‍ॅपची माहिती केवळ साथीसाठी वापरली जाईल, असे लोकांना सांगितले होते. गुन्ह्याच्या तपासात पोलिसांनाही ती मिळू शकते, हे जानेवारी २०२१ मध्ये उघड झाले आणि मर्यादा घालायला सरकारला कायदा करावा लागला. जर्मनीने वेगळी वाट धरली. भेटींच्या नोंदी फोनवरच ठेवल्या, जीपीएस घेतले नाही, आणि कोड आधीपासून खुला ठेवला.

आशाताईंच्या वहीतही चुका होत असतील. शेजाऱ्यांनी डोकावण्याचा धोका तिलाही होता. तरी ती वही लिहिणारी बाई गावातलीच. ‘ताई, माझं नाव कुणाला सांगितलंत?’ असे तिला तोंडावर विचारता येते, आणि तिच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्र असते. अ‍ॅपचा निर्माता दारात येत नाही. म्हणून त्याची जबाबदारी नियमांत लिहून ठेवावी लागते.

कोणतेही अ‍ॅप फोनवर घेण्याआधी म्हणूनच चार गोष्टी विचाराव्यात. कामाला लागते त्यापेक्षा जास्त माहिती ते मागते का? ती फोनवर राहते की बाहेर जाते? ती कधी पुसली जाणार? आणि चुकले तर तक्रार कुणाकडे करायची? ‘आरोग्य सेतू’मध्ये तिसऱ्याचे उत्तर होते. फोनवरच्या नोंदी तीस दिवसांनी पुसण्याचा नियम होता, आणि मे २०२० च्या माहिती-वापराच्या नियमावलीला सहा महिन्यांची मुदत होती. पण अ‍ॅपचे काम वाढत गेले. २०२१ मध्ये त्यातूनही लसीची नोंदणी होऊ लागली. सोय झाली खरी, पण एका हेतूने दिलेली संमती दुसऱ्या हेतूला आपोआप पुरत नाही.

साथ ओसरली, प्रश्न राहिला. २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर बांधावरून पिकाचा फोटो आणि जागेची नोंद देतो. बारामतीत उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग सुरू आहेत. या सगळ्याचा फायदा शेतकऱ्याला व्हावा, असे मनापासून वाटते. म्हणूनच आग्रह धरायला हवा की अ‍ॅप गावात येण्याआधी ते चार प्रश्न ग्रामसभेत मराठीत मांडले जावेत आणि त्यांची उत्तरे लेखी मिळावीत. पुढची साथ येईल तेव्हा माहिती द्यायला लोक तयार असतील की नाही, हे आज त्यांना दिलेल्या उत्तरांवर ठरणार आहे.