तंबू, जनरेटर आणि शेजारधर्म



दिवाळी सरली आणि थंडी पडू लागली की आपल्या भद्रावतीत सहलींचे बेत सुरू होतात. कुणी इरई धरणाकडे निघतो, कुणी मोहर्लीच्या बाजूला. ताडोबाचे मोहर्ली प्रवेशद्वार आपल्याच तालुक्यात आहे, त्यामुळे मुंबई-पुण्याचे लोक जिथे पैसे मोजून येतात तिथे आपण डबा बांधून जाऊ शकतो. अलीकडे एका दिवसाच्या सहलीने मन भरत नाही. परवानगी असलेल्या जागी तंबू ठोकून रात्र काढायची, गाडीतच झोपायची सोय करायची, अशी हौस वाढली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणच आणले. स्वयंपाकघर आणि पलंग असलेल्या या मोठ्या गाड्या आता आपल्या रस्त्यांवरही दिसतात. आणि अशा मुक्कामाला निघताना गाडीच्या मागच्या बाजूला एक वस्तू हमखास चढते, ती म्हणजे जनरेटर.

रविवारच्या पत्रकात जनरेटरवर प्रवचन कशाला, असे काहींना वाटेल. आम्हांला मात्र वाटते की शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आपण फार वरच्या फळीवर ठेवून दिली आहे. यरीहोच्या वाटेवर जखमी होऊन पडलेला माणूस आपल्याला रोज भेटत नाही, पण भिंतीपलीकडे झोपू न शकणारा माणूस रोज असतो.

जनरेटरला आपल्याकडे एवढा मान का, हेही समजून घेतले पाहिजे. ज्यांनी २००५ ते २०१० च्या सुमाराचे भारनियमन सोसले आहे त्यांना सांगायला नको. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची चिमणी अंगणातून दिसायची, आपल्या भागातला कोळसा तिथे जळायचा, त्या विजेवर दूरची शहरे उजळायची आणि आपल्या घरात मात्र कंदील! आज त्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. त्या अंधाराच्या दिवसांत लग्नघरी, दुकानात, नाताळच्या मिस्साला ज्याच्याकडे जनरेटर तो मोठा माणूस. त्याचा आवाज म्हणजे "इथे उजेड आहे" अशी दवंडी होती. पुढे अंधार कमी झाला, पण दवंडीची सवय राहिली. जंगलाच्या काठावर, तारे बघायला म्हणून गेलेला माणूसही तो सुरू करतो आणि त्याच्या जोरावर दिव्यांच्या माळा नि स्पीकर लावून बसतो.

जुन्या करारात गणना या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात तंबूंचा एक प्रसंग आहे. मवाबचा राजा बालाक याने बलामला इस्राएली लोकांना शाप देण्यासाठी बोलावले. बलाम उंचावर गेला, खाली अरण्यात कुळाकुळाने उभारलेले तंबू त्याने पाहिले आणि त्याच्या तोंडून शापाऐवजी आशीर्वाद निघाला. असे त्याने काय पाहिले? यहुदी धर्मपंडितांनी फार पूर्वीच याचा अर्थ सांगून ठेवला आहे : एका तंबूचे दार दुसऱ्या तंबूच्या दारासमोर नव्हते. वाळवंटात भिंती नाहीत, कुलपे नाहीत, कापडाच्या एका पदराआड सारा संसार. तरी शेजाऱ्याच्या घरात आपली नजर जाऊ नये म्हणून त्यांनी दारे फिरवून घेतली. बलामला शाप देता आला नाही तो एवढ्या साध्या सभ्यतेमुळे, असे ते पंडित मानतात. आम्हांला हा अर्थ फार आवडतो.

आता दार फिरवता येते, तशी नजरही वळवता येते. आवाजाचे तसे नाही. कानाला पापणी नसते. शिवाय तंबूचे कापड आवाज अडवत नाही. म्हणून थोडा हिशेब करू. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे, आवाज अडवणाऱ्या पेटीत बसवलेल्या डिझेल जनरेटरचा आवाज एक मीटर अंतरावर ७५ डेसिबलपेक्षा जास्त असता कामा नये. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मर्यादा आहे ४५ डेसिबल. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे ७५ चे ४५ व्हायला जनरेटर सुमारे ३२ मीटर दूर हवा, आणि तोसुद्धा नियमात बसणारा, पेटीबंद. उघड्यावर फटफटणारा जुना जनरेटर असेल तर कितीतरी अधिक. आपण मात्र वायर कमी पडते म्हणून तो आपल्या तंबूच्या मागे ठेवतो, आणि आपल्या तंबूची मागची बाजू म्हणजे बहुधा दुसऱ्याच्या उशाची बाजू असते. हिवाळ्याच्या शांत रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, तेव्हा आवाज वर निघून न जाता जमिनीलगत लांबवर पोहोचतो. दिवसा जो त्रास वाटत नाही तो रात्री का वाटतो याचे हेही एक कारण आहे.

आणि शेजारी म्हणजे केवळ बाजूच्या तंबूतले कुटुंब नव्हे. एका शास्त्र्याने येशूला विचारले होते, माझा शेजारी कोण? मोहर्लीच्या बाजूला हा प्रश्न विचारला तर उत्तर मोठे होते. पर्यटकांच्या मुक्कामाला लागून गावे आहेत, शेते आहेत. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतकरी रात्रभर माचीवर जागलीला बसतो. त्याचे डोळे अंधारात फार काम करत नाहीत, तो कानांवर जगतो. पाचोळा कसा वाजला, चितळ ओरडले की वानर, त्यावरून कोण आले आहे हे त्याला कळते. उन्हाळ्याच्या तोंडी पहाटेच मोहफुले वेचायला जाणाऱ्या बाया, मे महिन्यात तेंदूपाने तोडणारे मजूर, सगळे असेच कान उघडे ठेवून वावरतात. आपल्या जिल्ह्यात वाघ आणि माणूस यांच्यातला संघर्ष वर्तमानपत्रापुरता नाही, तो काय आहे हे तुम्हां-आम्हांला ठाऊक आहे. अशा ठिकाणी आपल्या यंत्राची घरघर कुणाच्या झोपेवर येते एवढेच नाही, ती कुणाच्या सावधपणावर येते. आपण उद्या परत भद्रावतीला येणार, तो तिथेच राहणार.

गावातही हे लागू आहेच. आपल्या कितीतरी घरांत कोळसा खाणीतले कामगार आहेत. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी नऊला अंथरुणाला पाठ टेकतो. कायद्याची रात्र सहा वाजता संपलेली असते, पण त्याची रात्र तेव्हा सुरू होते. त्याच्या खिडकीखाली साखरपुड्याचा जनरेटर लागला तर तो पोलिसांत जाऊ शकणार नाही कदाचित. तो फक्त झोपणार नाही आणि रात्री तसाच खाणीत उतरेल. कायदा जिथे थांबतो तिथून पुढे शेजारधर्म चालतो, तो असा.

देवाच्या कामासाठी आवाज केला तर चालतो, अशीही एक समजूत असते. तिला आधार नाही. चेन्नईच्या एका ख्रिस्ती मंडळीच्या स्पीकरविषयी शेजारच्या वसाहतीने तक्रार केली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००० साली न्यायालयाने निकाल दिला की दुसऱ्यांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताच धर्म सांगत नाही. ती मंडळी कॅथोलिक नव्हती म्हणून आपण हात झटकू नयेत. सणाच्या नोव्हेनांना आपणही मांडव घालतो आणि जनरेटर भाड्याने आणतो. शलमोनाची नीतिसूत्रे या बाबतीत अगदी मिश्कील आहेत. सत्ताविसाव्या अध्यायात म्हटले आहे की भल्या पहाटे मोठ्याने ओरडून शेजाऱ्याला आशीर्वाद दिला तर तो शापच समजला जाईल. आशीर्वादाची ही गत, तर सिनेमातल्या गाण्यांचे काय? आणि होरेब डोंगरावर एलीयाला परमेश्वर वाऱ्यात, भूकंपात किंवा अग्नीत भेटला नाही, सर्व शमल्यावर आलेल्या मंद वाणीत भेटला. ती वाणी ऐकून एलीया गुहेच्या तोंडाशी आला. आपण जंगलात जातो ते कशासाठी?

कॅराव्हॅनची हौस अमेरिकेत जुनी आहे, म्हणून तिथे या गोष्टींची शिस्तही आहे. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या मुक्कामतळांवर जनरेटर सकाळी सात ते नऊ, दुपारी बारा ते दोन आणि सायंकाळी पाच ते सात एवढ्याच वेळांत चालवता येतो. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. त्या दोन-दोन तासांत बॅटऱ्या भरून घ्यायच्या आणि रात्र त्यांवर काढायची. हे आपल्यालाही अवघड नाही. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी नऊ वॅटचे पाच एलईडी दिवे पूर्ण रात्रभर सहज पेटते ठेवते, आणि थंडीत पंखा तर लागतच नाही. जनरेटर लागलाच तर तो इन्व्हर्टर पद्धतीचा घ्यावा. तो कामाच्या भाराप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, सदा पूर्ण वेगाने ओरडत नाही. एक गोष्ट मात्र आवाजापेक्षाही गंभीर आहे. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो झोपेतच जीव घेतो. आवाज लपवण्यासाठी जनरेटर तंबूच्या पडवीत, बंद खोलीत किंवा गाडीच्या खिडकीखाली कधीही ठेवू नये.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लूकच्या शुभवर्तमानात मध्यरात्री शेजाऱ्याचे दार ठोठावणारा मित्र आहे. त्याने झोपमोड केली, पण त्याच्या घरी पाहुणा उपाशी होता. कुणाच्या तंबूत दम्याचा रोगी असेल, रात्री यंत्राने श्वास घ्यावा लागत असेल, तर ती घरघर आपण सोसली पाहिजे. आधी जाऊन विचारावे. "दादा, जरा त्रास होतो आहे, किती वेळ लागेल?" असे विचारणारा आणि "ताई, आईला मशीन लावायचे आहे, अर्धा तास द्या," असे सांगणारा, दोघांचेही काही जात नाही. भांडण बहुधा आवाजाने होत नाही, न सांगता केलेल्या आवाजाने होते.

आपल्या युवक मंडळाचे दोन रात्रींचे शिबिर यंदा मोहर्लीच्या बाजूला घ्यायचे ठरले आहे. त्यासाठी मंडळाने असे ठरवले आहे : जनरेटर सायंकाळी पाच ते सात एवढाच चालेल, तंबूंपासून आणि गावाच्या बाजूपासून दूर राहील, लांब वायर मंडळ पुरवेल. स्पीकर न्यायचा नाही. रात्रीची प्रार्थना शेकोटीभोवती होईल आणि गाणी आपल्याच गळ्याने म्हणायची. ज्यांच्या मुलांना नेब्युलायझर किंवा तत्सम यंत्र लागते त्यांनी मिस्सानंतर फादरांना भेटून नाव द्यावे. त्यांच्यासाठी वेगळी बॅटरी भरून ठेवली जाईल.