विचारले तर सांगेन

२०२४ च्या पावसाळ्यात एका रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण चर्चच्या पायरीवर माझ्यासाठी थांबून राहिला. लग्नांचे चित्रीकरण करणे व घरी बसून त्याचे संपादन करणे हा त्याचा व्यवसाय. "फादर, माझ्या संगणकातलं एक कार्ड विकायचंय," तो म्हणाला. "त्याचं मागचं सगळं सांगायलाच हवं का? विचारलं तर सांगेन. पण विचारलंच नाही तर?"

हा प्रश्न कुमसारात आला नव्हता, पायरीवर आला होता. म्हणूनच, आणि त्याची संमती घेऊन, येथे लिहीत आहे. त्या दिवशी मी त्याला चटकन उत्तर दिले नाही. एक तर कार्ड म्हणजे काय हेच मला धड ठाऊक नव्हते. आणि दुसरे कारण पुढे येईलच.

माझ्या वयाच्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण. संगणकाच्या पडद्यावरील चित्र घडविण्याचे काम ज्या स्वतंत्र भागाकडे असते, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. त्याच्या मुख्य चिपला सतत ठोके द्यावे लागतात आणि प्रत्येक ठोक्याबरोबर ती कामाचे एक पाऊल पुढे टाकते. या तरुणाचे कार्ड रेडिऑन आरएक्स ५८० जातीचे, २०१७ साली बाजारात आलेले. त्याच्या मूळ आराखड्यात कमाल वेग १३४० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १३४ कोटी ठोके, आणि विजेचा खप सुमारे १८५ वॅट. ठोके किती द्यावेत, व्होल्टेज किती असावे, वीज जास्तीत जास्त किती ओढावी, पंखा केव्हा जोराने फिरवावा, हे सारे कार्डावरच्या आठ पायांच्या एका इवल्याशा चिपमध्ये लिहिलेले असते. त्या लिखाणाला फर्मवेअर किंवा बायॉस म्हणतात. ते पुसून दुसरे लिहिता येते; आणि येथूनच आपल्या प्रश्नाला सुरुवात होते.

एकाच भट्टीतून निघालेले पाव जसे तंतोतंत सारखे नसतात, तशाच एकाच कारखान्यातून निघालेल्या चिपाही नसतात. काही दणकट, काही जेमतेम. कारखाना मात्र सर्वांवर एकच आकडा लिहितो, आणि तो असा निवडतो, की जेमतेम उत्तीर्ण झालेली चिपसुद्धा वैशाखाच्या उकाड्यात, काही वर्षे वापरून झाल्यावरही, न अडखळता चालावी. त्यामुळे बहुतेक चिपांत थोडी शक्ती शिल्लक राहते. ही शिल्लक वापरून ठोके वाढविणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. मात्र विजेचा हिशेब कठोर आहे. खप ठोक्यांच्या प्रमाणात वाढतो आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही दहा दहा टक्क्यांनी वाढविले, तर वेगात दहा टक्के मिळतात आणि विजेत सुमारे तेहतीस टक्के जातात. त्या विजेची उष्णता होते. आणि उष्णता व प्रवाह यांच्या जोराने चिपमधील केसाहून कितीतरी सूक्ष्म तारांतील धातूचे अणू हळूहळू जागा सोडतात. वर्षानुवर्षे होणारी ही झीज बाहेरून कुणालाही दिसत नाही.

असे करणे मुळात अयोग्य आहे काय? मला तसे वाटत नाही. डिसेंबर २०१० मध्ये रेडिऑन एचडी ६९५० नावाचे कार्ड आले. त्याच्या चिपमध्ये १५३६ गणनघटक होते, पण १४०८ च चालू ठेवलेले होते. सगळे घटक चालू असलेले भावंड, एचडी ६९७०, अधिक किमतीला विकले जात असे. थोड्याच दिवसांत लोकांच्या ध्यानात आले, की स्वस्त कार्डावर महाग कार्डाचे फर्मवेअर चढविले की पुष्कळदा झोपलेले घटक जागे होतात. ही चोरी आहे असे म्हणणारे होते. मला ते पटत नाही. विकत घेतलेल्या घराची बंद खोली उघडणारा मालक चोर कसा? मात्र ती खोली का बंद ठेवली होती, हे त्याला माहीत नसते. काही चिपांतील घटक खरोखरच सदोष म्हणून बंद केलेले होते. शिवाय स्वस्त कार्डाची मेमरी कमी वेगासाठी निवडलेली होती. महाग कार्डाचे फर्मवेअर जसेच्या तसे चढविले, की ती काहींच्या बाबतीत अडखळू लागे. पुढे जाणत्यांनी शहाणा मार्ग काढला: मूळ फर्मवेअरच घ्यायचे, त्यात फक्त घटक जागे करायचे आणि मेमरीला हात लावायचा नाही. असे करून कार्ड जळाले, तर नुकसान ज्याचे त्याने सोसावे. एवढ्यावर बाब मिटते. पण जळालेल्या कार्डावर गुपचूप मूळ फर्मवेअर परत चढवून 'आपोआप बंद पडले' असे सांगत हमीखाली नवे मागणारेही असतात. तेथे खोलीचा दाखला चालत नाही. ते सरळ असत्य आहे आणि त्याची किंमत इतर ग्राहकांच्या बिलात चढते.

आमच्या तरुणाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे, कारण या गोष्टीत तो आधी फसलेला होता.

इथेरियम या आभासी चलनाची नोंदवही सांभाळण्यासाठी कित्येक वर्षे अशी कार्डे रात्रंदिवस गणिते करीत. त्याला मायनिंग म्हणत. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाने ही पद्धतच सोडून दिली आणि मायनिंगमधून निवृत्त झालेली कार्डे जुन्या मालाच्या बाजारात लोटली. त्यांतले एक याने २०२३ च्या आरंभी मुंबईतील एका दुकानातून घेतले. दुकानदाराच्या माणसाने ते बसवून, ड्रायव्हर घालून, चालू करून दिले. चार दिवसांनी पडद्यावर रंगीत चौकटी उमटू लागल्या. नवरीच्या चेहऱ्यावर हिरवे ठिपके. मग मधूनच पडदा काळा. त्याने पॉवर सप्लाय बदलला, रॅम बदलून पाहिली, शेवटी विंडोज नव्याने घातले, तर कार्ड ओळखलेच जाईना. त्रुटी क्रमांक ४३ एवढेच उत्तर येई. यात दोन आठवडे गेले आणि एका लग्नाची चित्रफीत ठरलेल्या दिवशी देता आली नाही. मुलीचे वडील फोनवर काय बोलले, ते त्याने मला सांगितले. येथे लिहीत नाही.

कारण अखेर सापडले. मेमरीला एक ओळ मिटवून दुसरी उघडताना क्षणभर थांबावे लागते. प्रत्येक वेगासाठी किती थांबायचे, याची कोष्टके फर्मवेअरमध्ये असतात. मायनिंगवाले कमी वेगाचे आखूड कोष्टक उचलून जास्त वेगाच्या जागी चिकटवीत. त्यामुळे उत्पन्न पाव हिश्श्याने, कधी त्याहूनही अधिक वाढे. मेमरी अधूनमधून चुके, पण मायनिंगमध्ये एखादे उत्तर चुकले तर ते फेकून दिले जाते, एवढेच. चित्रात मात्र चूक दिसते. असे बदललेले फर्मवेअर विंडोजवरील अधिकृत ड्रायव्हर स्वीकारत नाही. दुकानातल्या माणसाने ड्रायव्हरलाच ठिगळ लावून दिले होते, आणि विंडोज नवे घालताच ते ठिगळ गेले.

मग याने कार्डाच्या पाठीवरील चिठ्ठीचा क्रमांक वाचून मूळ फर्मवेअर मिळविले. पहिल्यांदा चुकले: त्याच जातीच्या कार्डाचे, पण दुसऱ्या कंपनीच्या मेमरीसाठी लिहिलेले चढविले आणि पडदा काळाठिक्कर. प्रोसेसरमधील अंगभूत चित्रसोयीवर संगणक सुरू करून त्याने पुन्हा योग्य फाइल चढविली. हिरवे ठिपके गेले ते गेलेच. (मायनिंगमधून आलेले कार्ड म्हणजे मेलेलेच, हा समज खरा नाही. जाणते लोक चिपचे व्होल्टेज उलट कमी ठेवीत. झिजतात ते बहुधा पंखे, आणि सुकते ती चिपवरची उष्णतावाहक पेस्ट.)

येथे थांबला असता तर माझ्याकडे येण्याचे कारणच नव्हते. पण हातात विद्या आली की हात स्वस्थ बसत नाही. त्याने स्वतःच फर्मवेअर बदलून ठोके १४५० मेगाहर्ट्झवर नेले, व्होल्टेज चढविले, विजेची मर्यादा सैल केली आणि वर्षभर लग्नसराईत ते कार्ड पिळून घेतले. आता नवे घ्यायचे म्हणून जुने विकायचे. मूळ फर्मवेअर परत चढविले होते. कार्ड नीट चालत होते, आणि त्याच्या अंगावर भूतकाळाची एकही खूण नव्हती. गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या गावातला, गायनवृंदात गाणारा बारावीचा मुलगा. पैसे त्याची आई देणार होती. काही न सांगता सात हजार मिळाले असते. सगळे सांगितले तर साडेचार.

"आणि फादर, मला कुठे कुणी सांगितलं होतं?" हे त्याचे शेवटचे वाक्य.

त्या रात्री मी सेमिनरीच्या काळातील वह्या काढल्या. हा प्रश्न फार जुना आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, १७ व्या कलमाखाली, दोष असलेल्या घोड्याचे उदाहरण आहे. लिलावात घोडा विकणारा गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे त्याचे कर्तव्य. आणि घेणारा म्हणाला, की तुम्ही नाकारले नाही तर मी घोडा चांगलाच समजेन, तर गप्प राहणे म्हणजे बोलणेच. संत थॉमस अक्वायनस यांच्याकडेही घोडाच आहे. 'सुम्मा थिऑलॉजिका'मध्ये ते म्हणतात, की घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर दोष उघड दिसतो. किंमत उतरविली की पुरे. घेणाऱ्याला नुकसान किंवा धोका पोचविणारा दोष झाकलेला असेल, तर मात्र तो सांगितलाच पाहिजे. आणि त्यांच्याही आधी, ख्रिस्तपूर्व ४४ साली, सिसेरोने कर्तव्यावरील ग्रंथाच्या तिसऱ्या भागात घर विकणाऱ्याचा वाद मांडला आहे. त्यात एक तत्त्वज्ञ म्हणतो, की न सांगणे वेगळे आणि लपविणे वेगळे. सिसेरोचा निवाडा असा, की मला ठाऊक असलेली गोष्ट माझ्या लाभासाठी दुसऱ्याला कळू नये असे मला वाटते, तेव्हा ते लपविणेच होय.

तरीही एक अडचण उरते. त्या कार्डात दोष होता कुठे? ते चालत होते. एक वर्ष पिळलेली चिप आणखी पाच वर्षे चालेल की पाच महिने, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. जे आपल्यालाच ठाऊक नाही, ते काय सांगायचे? यावर मी बराच वेळ घुटमळलो. मला वाटते, त्याने खर्च केली ती शिल्लक होती आणि गिऱ्हाईक ती शिल्लक शाबूत आहे असे समजून पैसे मोजणार होते. शिवाय, समजा उद्या त्या मुलाच्या पडद्यावर ठिपके आले. मागचा इतिहास ठाऊक असेल तर तो पहिल्याच दिवशी योग्य जागी पाहील. नसेल तर पॉवर सप्लाय, रॅम, विंडोज, हा सारा वनवास त्याच्या वाट्याला येणार. म्हणजे कार्डाचा इतिहास हा पंख्याइतकाच कार्डाचा भाग ठरतो. पंखा काढून ठेवून कार्ड विकणाऱ्याला आपण काय म्हणू?

पण हे सारे त्याला कोणत्या तोंडाने सांगावे? आता ते दुसरे कारण. पंचवीस एक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. सणाच्या दिवशी मैदानात आवाज पोचावा म्हणून आम्ही चर्चच्या अॅम्प्लिफायरला पेलवतील त्याहून जास्त कर्णे जोडले. फ्यूज वारंवार उडू लागला, तेव्हा मी स्वतः त्याच्या जागी जाड तार बसविली. सण झकास झाला. पुढे ती तार तशीच राहिली, आणि बदली झाल्यावर किल्ल्या, वह्या, हिशेब सारे नव्या धर्मगुरूंच्या स्वाधीन करताना मी तारेविषयी बोललो नाही. विसरलो, असे बरीच वर्षे मी स्वतःला सांगत आलो आहे. खरे म्हणजे आठवले होते. ओशाळे वाटत होते, आणि त्यांनीही काही विचारले नव्हते. पुढच्या पवित्र शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या मध्यावर अॅम्प्लिफायरमधून धूर निघाला. मला फोन करून त्यांनी एवढेच विचारले, "फादर, यात आधी कुणी काही केलं होतं का?" तेव्हा मी सांगितले. विचारले, तेव्हा.

पुढच्या रविवारी मी त्या तरुणाला घोड्याचे काहीच सांगितले नाही; तारेचे सांगितले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "साडेचारच येतील, फादर." मी म्हटले, "येतील."

त्याने एक कागद लिहिला. कार्ड कोठून आले, कोणते फर्मवेअर केव्हा चढविले, ठोके व व्होल्टेज किती होते, पेस्ट कधी बदलली, काळा पडदा आला तर प्रथम काय पाहायचे, सारे त्यात होते. तो कागद खोक्यात घातला आणि त्याबरोबर एका पेन ड्राइव्हवर दोन्ही फाइली दिल्या: कारखान्याची मूळ आणि स्वतःची बदललेली. मुलाच्या आईने कागद माझ्याकडे आणून विचारले, "फादर, घ्यावं का?" मी म्हटले, किमतीच्या मानाने हरकत नाही, पण कागद जपून ठेवा.

आठवड्याभरात त्या मुलाने दुसरी फाइल चढविली, असे कानावर आले आहे.