फुकटच्या नकलेचे मोल

संतांचे अभंग ऐकणाऱ्याने कधी कोणास दाम मोजले नाहीत. मग चित्रपटाची नक्कल आंतरजालावरून उतरवून घेतली तर त्यात पाप कोणते, असे आमच्या हिंगोलीकडील तरुण विचारतात. नामदेवांचे जन्मस्थान मानलेली नरसी याच जिल्ह्यातली, तेव्हा दाखलाही घरचाच! नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात गेली, ती काही कोणाच्या परवान्याने नव्हे. परंतु अभंगाचा प्रसार कर्त्यास हवाच होता, आणि तो गाणारा श्रोत्यांसमोर उभा असे. चोरट्या नकलेस कर्त्याची संमती नसते, हे उघडच आहे. देणारा कोण, हेही घेणाऱ्यास ठाऊक नसते. २०१६ साली ‘सैराट’ चित्रपटगृहांत चालू असतानाच त्याच्या नकला फिरू लागल्या. त्या मोबाइलच्या दुकानातून भरून घेणाऱ्यास निदान दुकानदाराचे तोंड तरी दिसत असे.

आता तेही दिसत नाही. चित्रपटाचे नाव धारण करणारी फाइल वस्तुतः घातकी प्रोग्रॅम असू शकते. कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरमधून शिरणारा ‘स्टॉप’ नावाचा प्रोग्रॅम घरचे फोटो व हिशेब कुलूपबंद करून खंडणी मागतो. टॉरेंटची तर रीतच अशी की, फाइलचे जे तुकडे आपणांकडे येतात तेच आपल्या यंत्रातून इतरांस जाऊ लागतात, आणि यंत्राचा आयपी पत्ता त्या साऱ्या अनोळखी मंडळींस दिसतो. ‘मी केवळ घेतले, वाटले नाही’ हा बचाव तेथे टिकत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ६३ वे कलम अशा वाटपासही लागू पडू शकते.

‘जोखीम माझी, तुम्हांस काय?’ असे यावर उत्तर येते. मिल्लने १८५९ साली व्यक्तिस्वातंत्र्याची जी मर्यादा आखली, ती दुसऱ्यास होणाऱ्या अपायापाशी. मध्यमवर्गीय घरात फोन एकट्याचा असतो काय? त्यातच वडिलांच्या निवृत्तिवेतनाचे खाते, त्यातच बहिणीचे फोटो. मुलगा पणास लावतो ते त्यांचे, आणि त्यांस न विचारता. चित्रपटाच्या तिकिटाचे पैसे वाचवून मिळविलेला हा अधिकार मला तरी चोरीहून अधिक गर्हणीय वाटतो.

खात्यातून रक्कम गेल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते, आणि ती त्वरेने करावी लागते. परंतु फोनमध्ये काय उतरविले, हे सांगणे म्हणजे स्वतःचा गुन्हा कबूल करणे. मुलगा गप्प राहतो. वडील पासबुक घेऊन बँकेत जातात आणि बिचाऱ्या कारकुनाशी भांडत बसतात.