तीन छापील प्रती

लेखकाने मान्यतेची अपेक्षा धरू नये, लिहावे आणि विसरून जावे, असा उपदेश आपल्याकडे वडीलधारे लेखक नवोदितांना करीत आले आहेत. तो मला कधीच पुरता पटला नाही. लेखन एकांतात होते हे खरे. परंतु करार, मानधन, स्वामित्वहक्क आणि समीक्षा हे व्यवहार एकांतात होत नाहीत, आणि तिथे एकटा लेखक दुर्बळ असतो. १८८४ साली वॉल्टर बेझंट यांनी लंडनमध्ये ‘सोसायटी ऑफ ऑथर्स’ ही लेखकांची संघटना उभी केली, ती या दुर्बळतेवर उपाय म्हणूनच. संस्थेच्या दाराशी येणारा लेखक म्हणजे कौतुकाचा याचक, असे समजणे मला म्हणूनच अन्यायाचे वाटते.

एका वाङ्मयीन संस्थेच्या पुरस्कार समितीवर मी काही काळ परीक्षक म्हणून काम केले. त्या काळात एका आरोग्यसेविकेचा अर्ज आला. दिवसभराची पायपीट संपल्यावर रात्री मोबाइलवर लिहून, प्रकरणागणिक प्रसिद्ध करीत त्यांनी एक कादंबरी पूर्ण केली होती आणि नंतर तिचे ई-पुस्तक केले होते. नियम तीन छापील प्रतींचा होता. कार्यवाहांनी फोनवरून तो सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, छापायला पैसे नाहीत. पण कादंबरी पुरी आहे, वाचून तरी बघा.” अर्ज परत गेला. मी हरकत नोंदवली, ती इतिवृत्तात लिहिली गेली, आणि नियम आहे तसा राहिला. त्याच वर्षीच्या प्रवेशिकांत एक सुबक बांधणीचे पुस्तक होते. छपाईचा सर्व भार आपणच उचलला, असे त्याच्या लेखकाने मनोगतात प्रांजळपणे सांगितले होते. ते पुस्तक नियमात बसत होते.

छापील प्रतीचा आग्रह मुळात निरर्थक नव्हता. हजार-अकराशे प्रतींच्या आवृत्तीत प्रकाशकाचे भांडवल गुंतलेले असे, त्यामुळे निवड त्याला करावीच लागे. मौज प्रकाशन गृहाचे श्री. पु. भागवत यांच्यासारखे संपादक हस्तलिखितावर लेखकाशी दीर्घकाळ विचारविनिमय करीत. छापलेल्या पुस्तकामागे कोणाची तरी विवेकबुद्धी उभी आहे, एवढे संस्थेला गृहीत धरता येत होते. आज लेखकाने खर्च दिला की प्रकाशनसंस्थेचे नाव मिळते, आणि हव्या तेवढ्याच प्रती काढून देणारी यंत्रे आली आहेत. कागदामागची निवड अनेक ठिकाणी संपली. तिच्यावर आधारलेला नियम मात्र तसाच उरला आहे.

लहान प्रकाशनांची कथा याहून जुनी आहे. अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ने १९७७ साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढल्या आणि २००३ साली ‘भिजकी वही’. मोठ्या प्रकाशनगृहाचा आधार नसलेल्या या पुस्तकांची निर्मिती मराठीत आदर्श मानावी अशी होती. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार २००५ साली जाहीर झाला. कोलटकर २००४ मध्येच गेले होते. त्या कवीला सन्मानाची आस नव्हती असे म्हणून आपण समाधान मानू शकतो, पण प्रत्येक लेखकाकडे कोलटकरांची तटस्थता आणि शहाण्यांसारखा मित्र नसतो.

अमेरिकेतील विज्ञानकथा व अद्भुतकथा लेखकांच्या संघटनेपुढे, ‘एसएफडब्ल्यूए’पुढे, प्रकाशनगृहाचा आधार नसलेल्या लेखकाला मान्यता कशी द्यायची हा प्रश्न होता. ठरावीक प्रकाशनांची सूची करून तिच्याबाहेरच्यांना सदस्यत्व नाकारण्याची तिची पद्धत होती. अँडी वीअर यांची ‘द मार्शन’ ही कादंबरी २०११ साली त्यांनी स्वतःच ई-पुस्तक म्हणून विक्रीस ठेवली, तेव्हा त्या नियमांनुसार तिची गणना झाली नसती. २०१५ साली संघटनेने स्वयंप्रकाशित लेखकांना प्रवेश दिला. कादंबरीसाठी एका वर्षात तीन हजार डॉलरची प्राप्ती ही अट ठेवली, आणि २०२२ मध्ये ती एकंदर लेखनातून मिळालेल्या एक हजार डॉलरवर आणली. प्रकाशन कोणी केले, हा प्रश्न तिने बाजूस ठेवला.

ही मोजपट्टी आपल्याकडे चालणार नाही. मराठीत लेखनावर उपजीविका करणारे थोडे; उत्पन्न हा निकष धरला तर कवी जवळजवळ सगळेच बाहेर राहतील. शिवाय आपल्या साहित्य परिषदांचे सभासदत्व वर्गणी भरणाऱ्या साहित्यप्रेमीला मिळू शकते. अडसर तिथे नाही. तो पुरस्कारांच्या नियमावलीत, संमेलनाच्या निमंत्रणात आणि परीक्षणासाठी पुस्तक स्वीकारताना आहे. सभासद म्हणून वर्गणी घ्यायची आणि लेखक म्हणून वाचायचे नाही, ही विसंगती मला अधिक गंभीर वाटते.

१८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेसाठी धाडलेले निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारले. मानवी हक्क नाकारणाऱ्यांच्या सभेशी आपल्या सभांचा मेळ बसणार नाही, हे त्यांचे कारण होते. त्या नकाराशी आजच्या ई-पुस्तकाच्या तक्रारीची बरोबरी मी करणार नाही. जातिव्यवस्थेचा अन्याय आणि नियमावलीतील त्रुटी या एका मापाच्या गोष्टी नव्हेत. परंतु सभेचे मोल तिने कोणाला वगळले यावरूनही ठरते, हे त्या पत्राने मराठी साहित्यव्यवहाराला कायमचे शिकवले आहे.

निकष नकोत असे माझे म्हणणे नाही. ऑनलाइन लेखनात कच्चे, असंपादित आणि उसने पुष्कळ असते, आणि वाचकसंख्येचे आकडे गुणवत्ता सिद्ध करीत नाहीत. निवड कठोरच हवी. ती वाचून व्हावी, एवढेच. परीक्षकांचा वेळ अपुरा असतो, हे मी जाणतो. म्हणून प्रथम काही प्रकरणे मागवावीत आणि त्यातून निवडलेल्यांचे संपूर्ण लेखन वाचावे. आयएसबीएन क्रमांक भारतात ई-पुस्तकालाही विनामूल्य मिळतो, तेव्हा नोंदीची अडचण उरत नाही. लेखकाने छपाईखर्च दिला असल्यास ते अर्जात नमूद करायला सांगावे.

साहित्यसंस्थांच्या कार्यकारिणीवर असलेल्या माझ्या वाचकांना माझी विनंती आहे: येत्या वर्षाचे पुरस्कारपत्रक छापण्यापूर्वी ‘तीन छापील प्रती’ ही अट वगळण्याचा ठराव बैठकीत मांडावा. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, निधीही लागत नाही.