धार ईदची आणि धार रोजची

बकरी ईद चार दिवसांवर आली की आमच्या मोहल्ल्यात सुरे बाहेर निघतात. वर्षभर कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या लुंगीत गुंडाळून ठेवलेला सुरा खाली उतरतो. त्याच्यावरचे तेल पुसले जाते आणि घरातला कर्ता पुरुष अंगठ्याने धार चाचपून पाहतो. पूर्वी या दिवसांत सायकलवर दगडी चाक बसवलेला धारवाला गल्लीत हमखास यायचा. तो पायडल मारायचा, ठिणग्या उडायच्या आणि आम्ही पोरे भोवती कडे करून उभी राहायचो. त्याला सगळे शिकलगार म्हणत. महाराष्ट्रात हे एका मुस्लिम जमातीचे नाव आहे आणि आडनावही. त्याचे मूळ अरबीतल्या ‘सैकल’ या शब्दात आहे. सैकल म्हणजे घासून लखलखीत करणे. हत्याराची सैकल करणारा तो सैकलगार, आणि आपल्या जिभेवर तो झाला शिकलगार.

आता तो फिरकत नाही. म्हणून आम्ही सुरा घेऊन एका ओळखीच्या फर्निचरवाल्याकडे जातो. त्याच्याकडे लाकूड घासायचे पट्ट्याचे मशीन आहे. दोन चाकांवरून खरखरीत कागदी-कापडी पट्टा भरधाव फिरतो आणि जे काम दगडावर तासभर चालायचे ते दोन मिनिटांत होते. एका वर्षी घाईघाईत आम्हीच सुरा हातात घेतला आणि पट्ट्यावर जोर देऊन दाबला. ठिणग्यांचा फवारा उडाला, बरे वाटले. पण सुरा बाजूला घेऊन पाहतो तो टोकाकडच्या धारेवर निळी झाक. जुना कारागीर जवळच उभा होता. तो एवढेच म्हणाला, “पाणी उतरलं.”

पोलादाला दिलेले पाणी म्हणजे तापवून, विझवून, पुन्हा बेताने तापवून त्याच्यात आणलेला कणखरपणा. घासताना धार तापली की आधी गवती पिवळा रंग येतो, मग जांभळट, आणि तीनशे अंशांच्या आसपास निळा. निळा झालेला भाग मऊ पडतो. त्याच्यावर धार बसते, पण टिकत नाही. तेवढे पोलाद घासून टाकण्यावाचून इलाज नसतो. म्हणून जाणता माणूस पट्ट्यावर सुरा टेकवतो न टेकवतो असा फिरवतो, दर खेपेला पाण्यात बुडवतो आणि पाते बोटाला गरम लागले की थांबतो.

आणि एवढे करूनही धार पूर्ण झालेली नसते. पट्ट्यावर घासले की पोलादाची केसाहून बारीक मुरड धारेच्या दुसऱ्या बाजूला वळते. सुरा त्या क्षणी भलताच तेज वाटतो, कागद सरसर कापतो. पण ती मुरड चार कापांत मोडते आणि सुरा पुन्हा बोथट होतो. ती काढायची तर चामड्याचा पट्टा लागतो. पूर्वी न्हाव्याच्या दुकानात खुर्चीजवळ लटकलेला असायचा, तसाच. त्यावर पॉलिशची हिरवी वडी घासायची, आणि पाठ पुढे, धार मागे अशा बेताने पाते हलकेच ओढायचे. एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने. ठिणगी नाही, आवाज नाही, पाहायला गर्दीही नाही.

एवढी खटपट का, हे मुसलमानाला सांगायला नको. सहीह मुस्लिममध्ये हजरत शद्दाद बिन औस यांनी सांगितलेली हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे उत्तमपणा, बंधनकारक केला आहे. जिबह करतानाही तो पाळा, सुरीला धार लावा, जनावराला यातना देऊ नका, असा तिचा आशय आहे. दुसऱ्या एका हदीसीत, जनावराला आडवे पाडून त्याच्या डोळ्यांदेखत सुरी पाजवणाऱ्या माणसाला पैगंबरांनी (स.) फटकारले आहे. मुसलमानाच्या हातातली सुरी पाहून ज्यांच्या मनात वेगळेच काही येते, त्यांना हे ठाऊक नसते. आमच्याकडे धारेचा पहिला संबंध दयेशी आहे. पण ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी काय केले, हा प्रश्न आम्हाला जास्त अवघड वाटतो.

तो प्रश्न आमच्या घरातच निघाला. त्या वर्षी निळा भाग घासून काढून, चामड्यावर पन्नास वेळा ओढून आम्ही सुरा घरी आणला आणि कौतुकाने पत्नीला दाखवला. ती कांदे चिरत होती. तिने सुऱ्याकडे पाहिले, मग हातातली सुरी आमच्यापुढे धरली. “बकऱ्याला त्रास नको म्हणून चार दिवस पळताय. ही सुरी दोन वर्षांत कुणी हातात घेतलीय का?”

आम्ही ती हातात घेतली. टोमॅटोच्या सालीवरून ती घसरत होती. बोथट सुरी कापत नाही, चेंगरते. चेंगरलेल्या कांद्याचा रस जास्त उडतो आणि डोळ्यांतून जास्त पाणी काढतो. कापत नाही म्हणून हात जोर लावतो, जोर लावला की सुरी निसटते आणि बोट कापते. पत्नीच्या डाव्या तर्जनीवर जुन्या कापाच्या दोन खुणा होत्या. इतकी वर्षे त्या आम्हाला दिसल्या नव्हत्या असे नाही. त्यांचा धारेशी संबंध आम्ही जोडला नव्हता.

इथे कोणी म्हणेल, ही तुलना बरोबर नाही. बकऱ्याचा जीव जातो, बाईचे फार तर बोट कापते. मान्य आहे. मरणयातना आणि रोजची कटकट एका तराजूत घालता येत नाहीत. पण हदीसीचे शब्द नीट आठवले तर एहसान आधी ‘प्रत्येक गोष्टीत’ सांगितला आहे आणि जिबह हे त्याचे उदाहरण म्हणून आले आहे. आम्ही उदाहरण धरून ठेवले आणि नियम सोडून दिला. असे का झाले याचे उत्तर फारसे भूषणावह नाही. कुरबानी वर्षातून एकदा येते, चारचौघांत होते, तिला सवाबाचा मान आहे. स्वयंपाकघर दिवसातून तीनदा येते आणि ते पाहायला कुणी नसते. बकरा बोलू शकत नाही म्हणून त्याच्या वतीने पैगंबर (स.) बोलले. घरातली बाई बोलू शकते, आणि आम्ही ऐकत नाही.

धार लावण्याच्या या दोन रीतींत आम्हाला आमचीच दोन रूपे दिसू लागली आहेत. पट्ट्याच्या मशीनची रीत आम्हाला आवडते. वर्षातून एकदा, मोठ्या आवाजात, ठिणग्या उडवीत. जलसे, परिषदा, ठराव, रमजानच्या इफ्तार पार्ट्या ही सारी त्याच जातीची. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला तेव्हा आपण किती चर्चा केल्या! पण आपल्याच गल्लीतली शाळा सोडलेली मुलगी पुन्हा वर्गात बसली का, हे पाहायला दर आठवड्याला किती जण गेले? अल्लाहला सर्वांत प्रिय ते काम, जे थोडे असले तरी नित्य केले जाते, या अर्थाची हजरत आयेशांनी सांगितलेली हदीस आपण व्याख्यानात ऐकतो आणि व्याख्यान संपले की वर्षभर विसरतो.

मशीनला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. सुरीला दाते पडले, टोक मोडले तर चामडे काय करणार? तिथे पट्टाच हवा. पण पट्टा प्रत्येक वेळी पोलाद खातो. आमच्या वडिलांच्या वेळचा सुरा आज निम्मा रुंद उरला आहे. जो रोज चार वेळा चामड्यावर ओढतो, त्याला मशीनची गरज क्वचित पडते. समाजाचेही असेच असावे. रोजची निगा नसली की मग सुधारणा घासून करावी लागते, आणि घासताना पुष्कळसे चांगलेही निघून जाते.

त्या ईदनंतर आम्ही कमरेचा एक जुना चामडी पट्टा लाकडाच्या फळीवर खिळ्यांनी ठोकला आणि स्वयंपाकघरात खिडकीशेजारी टांगला. रात्री जेवणे आटोपली की सुरी त्यावर दहा वेळा ओढायची, एवढेच काम. ते आम्ही स्वतःकडे घेतले आहे. खरे सांगायचे तर अधूनमधून चुकते. कधी पाहुणे, कधी आळस. चुकले की दुसऱ्या दिवशी पत्नी काही बोलत नाही, फक्त सुरी ओट्यावर न ठेवता आमच्या ताटाशेजारी आणून ठेवते.